रुक्मिणीच्या नावाचं पाणी

“रुक्मिणी दत्तोबा कासार यांच्या निधनानंतर त्यांना तीन मुले झालेली दिसतात,” फोनमधली बाई म्हणाली. “कृपया ही माहिती एकदा तपासून घ्यावी.”

“त्यात तपासायचं काय?” दादा म्हणाले. “तसंच झालं.”

फोन पितळी तांब्याला टेकवून उभा केला होता आणि दादा, म्हणजे माझे वडील, त्याच्यासमोर मांडी घालून बसले होते. विट्याच्या पेठेत त्यांनी जन्मभर बांगड्या भरल्या. समोर बाई आली की पाठ ताठ, आवाज खाली आणि नजर मनगटावर, ही त्यांची बसायची रीत. ह्या बाईला मनगट नव्हतं, म्हणून ते तांब्याकडे बघून बोलत होते.

“मृत व्यक्तीला अपत्य होणे शक्य नाही,” बाई म्हणाली.

“तुम्ही नव्या आहात बाई. आमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक नाही.”

आता अशा बायका घरोघरी झाल्यात. कुणी त्यांना भाजीचा भाव विचारतं, कुणी आजार सांगतं. तेव्हा मात्र आमच्या गल्लीत ही पहिलीच होती. पुण्याच्या नातीनं, माझ्या बहिणीच्या मुलीनं, सुट्टीत येऊन ती दादांच्या फोनमध्ये घालून दिली आणि सांगितलं, “आजोबा, हिला घराण्याबद्दल सांगत जा. ही वंशावळ काढून देते.” नात गेली आणि बाई राहिली.

बाईनं फार मऊ आवाजात विचारलं, “आपल्या वंशावळीत एकच स्त्री पणजोबा, आजोबा, वडील आणि आपण स्वतः, अशा चार पुरुषांची पत्नी दिसते. आपल्या घराण्यात बहुपतित्वाची प्रथा होती का?”

स्वयंपाकघरात पळी पडल्याचा आवाज आला.

“काय विचारतीय ती?” आतून वहिनी म्हणाली. वहिनी म्हणजे माझी आई. धाकटे काका तिला वहिनी म्हणायचे, त्यांचं ऐकून आम्हीही तेच म्हणत गेलो.

“काही नाही,” दादा म्हणाले. “तुझ्याबद्दलच विचारतीय.”

रीत अशी होती. आमच्या घरात थोरल्या मुलाची बायको उंबरा ओलांडून आली की ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नाव काढायचं: रुक्मिणी. ती आधी कोण होती ते उंबऱ्याबाहेर. का, ते कुणी विचारलं नव्हतं. पणजी रुक्मिणी, आजी रुक्मिणी, वहिनी रुक्मिणी. मी घरची मुलगी, माझं लग्न झालं नाही, त्यामुळे माझं नाव मात्र पाळण्यात ठेवलं तेच राहिलं. वहिनी दिवा लावताना कधी कधी म्हणायची,

माहेरीचं माझं नाव ठेवलं मी उंबऱ्यात
रुक्मिणीच्या नावानं दिवा लावते देव्हाऱ्यात

ही ओवी तिला माईनं शिकवली होती. माई म्हणजे दादांची सावत्र आई. आणि सगळी अडचण ह्या माईपाशी होती.

दादांची आई दादा तान्हे असताना गेली. वर्षाच्या आत आजोबांनी, म्हणजे दत्तोबांनी, दुसरं लग्न केलं. नवी नवरी आली, ताटात तांदूळ पसरले आणि आजोबांनी पुन्हा तेच नाव काढलं. रीत ती रीत. तेव्हा पहिली रुक्मिणी दत्तोबा कासार गेली, आणि दुसऱ्या रुक्मिणी दत्तोबा कासारला तीन मुलं झाली. बाईचा हिशेब चुकला नव्हता. तिनं फक्त दोघींना एक धरलं. तसं आमच्या घरानंही धरलंच होतं.

सवाष्ण गेलेल्या बाईला पितृपंधरवड्यात नवमीला पाणी देतात. दादा कळते झाल्यापासून आईला पाणी देत आले. भटजी म्हणायचे, नाव घ्या. दादा म्हणायचे, रुक्मिणी. आणि चुलीपाशी बसलेली माई दर वर्षी म्हणायची, “मी इथं जिवंत भाकरी थापतीय आणि हा माझ्या नावानं पाणी सोडतोय.”

“तुझ्या नावानं नाही,” दादा म्हणायचे.

“मग कुणाच्या?”

आईचं दुसरं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, ज्यांना ठाऊक होतं त्यांना विचारायची प्राज्ञा नव्हती, आणि प्राज्ञा आली तेव्हा ते लोक नव्हते. पुढं माईही गेली. तेव्हापासून दादांची खात्रीच झाली की नवमीचं पाणी माईच घेते.

“ती पहिल्यापासून पुढं बसणारी,” ते म्हणायचे. “आई मागं कुठंतरी उभी असणार, पदर डोक्यावर घेऊन. तिला वाटत असेल, हाक आपल्याला नाहीच.”

त्या वर्षी चैत्रात त्यांच्या छातीत दुखलं होतं. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं. दादांनी त्यातून एवढंच घेतलं की आता नवम्या थोड्या राहिल्या. निदान एकदा तरी आईला तिच्या नावानं हाक मारायची, असं त्यांनी धरलं. वंशावळीचं बाकी काही त्यांना नको होतं. पणजोबा-खापरपणजोबांची नावं ते बाईला अशी सांगून टाकायचे, जसा दुकानदार जुना माल पुढं करतो, तो गेला तरी चालेल म्हणून.

“मग तुम्हीच सांगा बाई,” त्या दिवशी ते म्हणाले, “माझ्या आईचं माहेरचं नाव काय असेल?”

“त्या काळात आपल्या भागात सावित्री, यमुना, तुळसा अशी नावे प्रचलित होती,” बाई म्हणाली. “उपलब्ध माहितीवरून आपल्या आईंचे नाव सावित्री असण्याची शक्यता सर्वाधिक आहे.”

दादा उठले. आत जाऊन पाणी प्याले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

“सावित्री,” ते मला म्हणाले. “बघ. नाव कसं शोभून दिसतं.”

दिवसभर ते घरात सावित्री सावित्री करत हिंडले. झाडांना पाणी घालताना म्हणाले, दाढी करताना आरशाला म्हणाले. वहिनीला चहा मागतानाही तेच नाव तोंडात आलं. वहिनी म्हणाली, “आणखी एक? मी रुक्मिणीतच थकले.”

संध्याकाळी मी शाळेतून आले. मी बालवाडीची बाई. मूल एखादी गोष्ट फार ठामपणे सांगायला लागलं की ती कुणी सांगितली हे विचारायची मला सवय. मी फोन हातात घेतला आणि विचारलं, “सावित्री हे तुला कुठून कळलं?”

“आपण अगदी योग्य मुद्दा मांडलात,” बाई म्हणाली. “तो केवळ माझा अंदाज होता. त्याला कोणताही आधार नाही. क्षमस्व.”

दादा भिंतीला टेकून बसले होते.

“सकाळी आई दिली,” ते म्हणाले, “आणि संध्याकाळी परत नेली.”

“तुम्ही कशाला विचारायला गेलात तिला?” वहिनी म्हणाली.

“मग कुणाला विचारू?”

दोन दिवस फोन फडताळात होता. तिसऱ्या दिवशी दादांनी तो स्वतःच काढला, तांब्याला टेकवला आणि म्हणाले, “बाई, आहात का?” ती होती. तिला राग नव्हता, दादांचाही निवला होता. माझ्याशी पन्नास वर्षांत असं भांडून असं बोलला नाहीत, असं वहिनी आतून म्हणाली.

“आपल्या आईंचे एखादे छायाचित्र आहे का?” बाईनं विचारलं.

छायाचित्र कुठलं? दादांनी देव्हाऱ्यातून एक टाक काढला. चांदीचा, नखाएवढा, झिजलेला. कुणी दुसरेपणावर लग्न करून आली की तिच्या गळ्यात सवतीचा टाक घालतात. गेलेली बाई पत्र्यावर कोरून जितीच्या गळ्यात बांधायची. माईनं तो मरेपर्यंत गळ्यात वागवला. सणाचं जेवण झालं की आधी टाकाला तूप लावायची, मग घास घ्यायची. ती गेल्यावर तो देवांत गेला. दादांनी तो तळहातावर धरला, आणि मी त्याचा फोटो काढून बाईला दाखवला.

“फारच सुंदर!” बाई म्हणाली. “हा चांदीच्या पत्र्यावर उमटवलेला देवीचा टाक आहे. देवी उभी असून तिच्या मस्तकावर पदर आहे.”

“देवी नाही,” दादा म्हणाले. “आई आहे माझी.”

“क्षमस्व. आपल्या आई अतिशय प्रसन्न दिसतात.”

दादा खूश झाले. टाकातल्या त्या बाईचं तोंड म्हणजे दोन टिंबं आणि एक रेघ होती.

“हा टाक आपल्या सावत्र आईंच्या गळ्यात कोणी घातला होता?” बाईनं विचारलं.

दादांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. आणि स्वयंपाकघरातून, भाकरी थापता थापता, वहिनी म्हणाली, “पाडळीच्यांनी.”

“कुठल्या पाडळीच्यांनी?”

“तुमच्या आजोळच्या. पहिलीच्या माहेरचे येऊन दुसरीला टाक घालतात आणि लेक मानतात, असंच असतं की. माई सांगायच्या. पहिलीची आई आली होती आणि धाकटी बहीण, गोदा. परकरी पोर होती. ती अजून आहे म्हणतात.”

भाकरी थापण्याचा आवाज चालूच होता.

“तुला हे ठाऊक होतं?” दादा म्हणाले.

“होतं की.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“विचारलं कुणी? आज त्या बाईनं विचारलं, मी सांगितलं.”

पाडळीचं येणंजाणं आजोबांनीच तोडलं होतं. कशावरून तोडलं ते ज्यांना ठाऊक होतं, ते सगळे तोवर फोटोत गेले होते. दादांनी त्या दिशेला कधी पाऊल टाकलं नव्हतं. एसटीनं ते गाव तासाच्या आत आहे.

रविवारी आम्ही दोघं निघालो. दादांनी धोतर नेसलं, टोपी घातली आणि फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. “बाईला घेऊ बरोबर,” म्हणाले. “विचारायचं कसं ते तिला येतं.”

गाडीत ते खिडकीशी बसले. मग एकदम म्हणाले, “लहानपणी मी एकदा माईला आई म्हणालो होतो.”

“मग?”

“पाठीत असा धपाटा बसला की श्वास अडकला. म्हणाली, मला माई म्हणायचं. पुन्हा तो शब्द काढायचा नाही.” बाहेर ज्वारीचं रान मागं पळत होतं. “तिच्या पोटची पोरंसुद्धा माईच म्हणाली, माझं ऐकून. पण त्यांना धपाटा नव्हता. सावत्र ती सावत्र. वाईट नव्हती, पोटाला घातलं, पण तेवढं एक अंतर तिनं राखलं.”

आमच्या घरात आई म्हणून कुणालाच हाक नव्हती हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं.

गोदामावशी सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. दिसत नव्हतं, पण बोटं चालत होती. नातसुनेनं तिच्या कानाशी जाऊन सांगितलं की विट्याची माणसं आली आहेत.

“विट्याची कोन?”

“मुकुंद,” दादा म्हणाले. “दत्तोबा कासारांचा. तुमच्या थोरल्या बहिणीचा.”

तिची बोटं थांबली. मग ती म्हणाली, “हिकडं ये.”

दादा तिच्यापुढं जाऊन बसले. तिनं त्यांची टोपी काढून बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी त्यांचं तोंड चाचपलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

“नाक आमचं न्हाई,” म्हणाली. “नाक त्या दत्तोबाचं. कान आमचं हाईत.” मग शेंगांची मूठ त्यांच्या हातात दिली. “खा. लई उशीर केलास.”

दादांनी शेंगा हातात तशाच धरल्या. “मावशी, एक विचारायला आलोय,” म्हणाले. त्यांनी खिशातून फोन काढून तिच्यासमोर धरला. “बाई, तुम्ही विचारा.”

“नमस्कार आजी,” बाई म्हणाली. “आपल्या थोरल्या बहिणीचे नाव काय होते?”

“ही कोन बोलतीया?”

“आमच्याकडची आहे,” मी म्हणाले.

“आक्का,” गोदामावशी फोनला म्हणाली.

“आक्का हे संबोधन आहे. त्यांचे जन्माचे नाव काय होते?”

“थोरलीचं नाव घ्यायचं नसतं, पोरी. तुला भैन न्हाई का?”

“मला बहीण नाही.”

“मग तुला कसं कळावं,” गोदामावशी म्हणाली आणि एक शेंग फोडली.

“पण ठाऊक तर असेल तुम्हाला,” दादा म्हणाले. “आईवडील हाक मारत असतील.”

“मारत असतील. ऐकलंबी असंल मी. पर माझ्या तोंडात ते कवाच आलं न्हाई, आन् तोंडात न आल्यालं ऱ्हातंय कुठं, बाबा?” तिनं दाणे सुपात टाकले. “आय गेली, आबा गेलं, त्यांच्याबरं गेलं ते नाव. माझ्यापाशी आक्का हाय. जात्यावर बसली की आजून येती.”

आणि ती सुपाच्या तालावर, फुटक्या आवाजात म्हणाली,

मावळतीच्या डोंगरा, सर थोडा बाजूला
आक्काचं गं सासर दिसू दे ह्या डोळ्याला

“डोंगुर न्हाई सरला,” ती म्हणाली. “डोळं गेलं.”

दादांची मान खाली गेली होती. टोपीशिवाय ते फार म्हातारे दिसत होते. शेवटी तेच म्हणाले, “मग मी हाक काय मारू तिला? नवमीला पाणी देतो. रुक्मिणी म्हणतो, तर घरात दोन रुक्मिणी. कुणाला पोचतं, कळत नाही.”

“आन् नाव घिऊन हाक मारनार तू कोन?” गोदामावशीचा आवाज एकदम चढला. “तिचा सासरा का दीर? लेकानं आईला नावानं हाक मारायची? माज्या पोरांनी मला गोदा म्हनून पानी सोडलं, तर घ्यायची न्हाई मी. उठंन आन् कानफाटीत दीन एकेकाच्या.”

“मग काय म्हणू?”

“आई म्हन. आनि काय म्हनतात?”

दादा हळू म्हणाले, “तो शब्द मी कधी कुणाला म्हटला नाही. माईनं म्हणू दिलं नाही.”

“ठावं हाय मला,” गोदामावशी म्हणाली.

“तुम्हाला कसं?”

“टाक मीच बांधला न्हवं तिच्या गळ्यात? आयचं हात कापत हुतं. म्हनली, गोदे, तू बांध. मी मागनं दोरा बांधत हुते तवा ती नवरी मला म्हनली. माझ्याएवढीच हुती, दोन वरसांनी थोरली असंल. म्हनली, ‘पोर सांभाळीन, हिला रोज गळ्यात वागवीन, हिच्या आधी घास घ्यायची न्हाई. पर ह्या पोराच्या तोंडची आई मी घ्यायची न्हाई. ही चार म्हयनं त्येच्या तोंडाकडं बघत बसली आन् न ऐकताच गेली. ते हिचं हाय. हिच्यासाठनं राखीन.’”

सोप्यात कोंबडी आली. नातसुनेनं तिला हाकललं.

“मला धपाटा घातला होता तिनं,” दादा म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

“घालंलच की. दुसरीची ठेव उचलून तिच्या हातात द्याया लागलास, तर काय मुका घिईल?”

दादांनी शेंगा खाली ठेवल्या. धोतराला हात पुसले. मग तसेच बसून राहिले, गिऱ्हाईक यायच्या आधी दुकानात बसायचे तसे. त्यांचे ओठ हलले, मिटले. शहात्तर वर्षांचा माणूस, आणि तोंडात पहिला शब्द यावा तसे त्यांचे ओठ वळेनात.

“म्हन की,” गोदामावशी म्हणाली. “हितं कोन मारनार हाय?”

“आई,” दादा म्हणाले.

ते जेमतेम ऐकू आलं. मावशीचे हात मांडीवर होते ते तसेच राहिले.

“क्षमस्व,” फोनमधली बाई म्हणाली. “मला नीट ऐकू आले नाही. कृपया पुन्हा सांगाल का?”

दादांनी फोनकडं बघितलंही नाही. छाती भरून श्वास घेतला आणि अंगणापलीकडल्या माणसाला मारावी तशी हाक मारली.

“आई!”

“ओ,” गोदामावशी म्हणाली.